डॉक्टर झालो, पुढे?

"अभिनंदन, डॉक्टर! मग पुढे काय?" पीएचडीनंतर पुढे प्राध्यापकीच्या नोकरीचे फॉर्म, दुसरं काय! सीव्ही अपलोड करा, आणि झाला की त्यातलीच एकेक ओळ पुन्हा रकान्यांत टाइप करा. मग रिसर्च स्टेटमेंट (काय संशोधन करणार), टीचिंग स्टेटमेंट (कसं शिकवणार), तीन शिफारसपत्रं. पत्रं देणारे तिघंही हल्ली माझा ईमेल दिसला की दडी मारतात. बरोबरच आहे म्हणा, सतराव्यांदा कोण माझं कौतुक करणार?

एक प्राध्यापक आयुष्यभरात डझनभर पीएचडी घडवतो, निवृत्त होताना खुर्ची मात्र एकच रिकामी करतो. तीही भरतील तर शपथ! तिथे तासांवर पैसे देऊन कुणालातरी शिकवायला लावायचं, की झालं. नाहीतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी, आहेच, एक-दोन वर्षांची. सहा महिने बस्तान बसवा, उरलेले पुढची जागा शोधा. संशोधन कधी करायचं? झोपेत?

आणि उत्तर? आठ महिन्यांनी, रात्री दोन वाजता, 'नो रिप्लाय' पत्त्यावरून: "प्रिय अर्जदार, यंदा आलेले अर्ज अत्यंत दर्जेदार होते." म्हणजे माझा सोडून! आलं हेच नशीब. बाकीचे अजून 'विचाराधीन' आहेत. त्यातला एक तर मी प्रबंध सादर करण्याआधीचा आहे.