१४ फेब्रुवारीला भगतसिंगांना फाशी झालीच नव्हती

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागला की ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांचं चित्र, मागे तिरंगा आणि खाली मजकूर साधारण असा: 'आजच्या दिवशी, १४ फेब्रुवारी १९३१ ला, या तिघांना लाहोरला फाशी दिली गेली. आणि आपण व्हॅलेंटाईन डे साजरा करतो! खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा.' कुणी हटकलं की सुधारित आवृत्ती येते: बरं, फाशी नसेल, पण शिक्षा त्या दिवशी सुनावली गेली. तिथेही अडवलं तर शेवटचं अस्त्र: इंग्रजांनी खरी तारीख लपवली. आणि तेही चाललं नाही तर 'तारखेचं काय घेऊन बसलात, आठवण झाली ना?'

शाळेच्या परिपाठात दिनविशेष सांगायची जबाबदारी ज्या मुलांवर असते, तीही आता मोबाईलवरूनच मजकूर उतरवून घेतात. म्हणून प्रत्येक दाव्याचं उत्तर एकदा नीट देऊन ठेवतो.

पहिला दावा, फाशीचा. तिघांना फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, सोमवारी संध्याकाळी, लाहोर सेंट्रल जेलमध्ये. म्हणजे १४ फेब्रुवारीनंतर भगतसिंग आणखी ३७ दिवस जगले, आणि या दिवसांत ते गप्प बसले नव्हते. ३ मार्चला घरच्यांची शेवटची भेट झाली, त्याच दिवशी त्यांनी धाकटा भाऊ कुलतार याला पत्र लिहिलं. २० मार्चला पंजाबच्या गव्हर्नरला लिहिलं: आमच्यावर सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप आहे, तेव्हा आम्ही युद्धकैदी ठरतो, फासावर लटकवू नका, गोळ्या घाला. २२ मार्चला तुरुंगातल्या सहकाऱ्यांना शेवटचं पत्र गेलं. १४ फेब्रुवारीला फासावर गेलेल्या माणसाने ही पत्रं कधी लिहिली, याचं उत्तर मेसेज पाठवणाऱ्यांनी द्यावं.

गांधी आणि व्हाइसरॉय आयर्विन यांच्या भेटी सुरू झाल्या १७ फेब्रुवारीला. त्या भेटींत या तिघांच्या फाशीचा विषय निघाला होता, आणि गांधींनी त्यासाठी किती जोर लावला यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. गंमत अशी की १४ फेब्रुवारीचा मेसेज आणि 'गांधींनी वाचवलं नाही' हा मेसेज पुष्कळदा एकाच माणसाकडून येतो. फाशी १४ तारखेलाच झाली असेल, तर १७ तारखेला गांधी कुणाला वाचवणार होते?

दुसरा दावा, शिक्षेचा. शिक्षा सुनावली गेली ७ ऑक्टोबर १९३० ला. इथे जरा थांबायला हवं, कारण खरा संताप यावा असा भाग हा आहे आणि मेसेजमध्ये त्याचा मागमूस नसतो.

पोलिसांच्या लाठीमारानंतर लाला लजपतराय गेले १७ नोव्हेंबर १९२८ ला, त्याचा बदला म्हणून पोलीस अधिकारी साँडर्सवर लाहोरात गोळ्या झाडल्या गेल्या बरोबर महिन्याने, १७ डिसेंबरला. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकले आणि जागेवर उभं राहून अटक करून घेतली. त्या खटल्यात दोघांना जन्मठेप झाली. साँडर्स वधाचा खटला, म्हणजे लाहोर कट खटला, वेगळा. तो जुलै १९२९ मध्ये सुरू झाला आणि आरोपींनी त्याचा आखाडा केला. तुरुंगातल्या वागणुकीविरुद्ध उपोषण झालं, त्यात ६३ दिवसांनी, १३ सप्टेंबरला, सहआरोपी जतिन दास गेले. खटला पुढे सरकेना आणि सरकारची अब्रू मात्र रोज वर्तमानपत्रांतून जाऊ लागली. तेव्हा व्हाइसरॉय आयर्विनने १ मे १९३० ला वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचं खास न्यायाधिकरण नेमलं. आयुष्य सहा महिने, आरोपी हजर नसले तरी कामकाज चालणार, आणि निकालावर हायकोर्टात अपील नाही. १२ मे रोजी भर कोर्टात पोलिसांनी आरोपींना मारहाण केली. तिघांपैकी एक न्यायाधीश, आगा हैदर, यांनी त्या प्रकाराशी आपला संबंध नाही अशी नोंद केली. पुढच्याच महिन्यात न्यायाधिकरणाची फेररचना झाली आणि नव्या मंडळात आगा हैदर नव्हते.

अशा मंडळाने ७ ऑक्टोबरला तिघांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप ठोठावली. त्यानंतर दाद मागायला जागा उरली ती लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलची, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाची, आणि तिनेही अर्ज फेटाळला. परिपाठात सांगायचीच तर ७ ऑक्टोबर ही तारीख सांगा. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तर १ मे १९३० देखील सांगा. आपल्याकडे १ मे म्हटलं की पुढे काही आठवतच नाही.

तिसरा दावा, लपवाछपवीचा. इंग्रजांनी लपवलं हे खरंच आहे, पण जे लपवलं ते तारखेहून भयंकर होतं. फाशी ठरली होती २४ मार्चच्या सकाळी. ती अकरा तास अलीकडे ओढून आदल्या संध्याकाळी उरकली. तुरुंगात फाशी पहाटे देण्याचा शिरस्ताही बाजूला ठेवला. लोक जमतील या धास्तीने मृतदेह घरच्यांच्या हाती दिले नाहीत. रातोरात सतलजच्या काठी नेऊन जाळले. पण हे झाकलं कुठे गेलं? बातमी लगेच फुटली, महिना संपायच्या आत कराचीला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाला आलेल्या गांधींना निषेधाची काळी फुलं दिली गेली. अख्खा देश २३ मार्चला धरून शोक करत होता. यात सव्वा महिन्याची लपवाछपवी बसवायची तर त्या वेळची सगळी वर्तमानपत्रं, सगळी पत्रं आणि तिघांचे नातेवाईकही कटात सामील होते असं मानावं लागेल.

याच दाव्याला एक शेपूट असतं: व्हॅलेंटाईन डे हा मुद्दाम हुतात्म्यांचा विसर पाडण्यासाठी आणला. इंग्लंडात हा दिवस चौदाव्या शतकापासून प्रेमिकांचा मानला जातो. ज्याला तो पाळायचा नसेल त्याने पाळू नये, त्यासाठी भगतसिंगांना वेठीला धरायची गरज नाही.

आणि 'तारखेचं काय एवढं'? आहे एवढं. राममनोहर लोहियांचा जन्म २३ मार्चचा, १९१० सालचा. ही भगतसिंगांच्या फाशीची तारीख म्हणून ते स्वतःचा वाढदिवस साजरा करत नसत. पंजाबी कवी पाश यांना खलिस्तानी दहशतवाद्यांनी गोळ्या घातल्या, तीही २३ मार्चलाच, १९८८ साली. भगतसिंगांवर जीव असलेल्या त्या कवीच्या चाहत्यांना पंजाबात हे दोन्ही स्मरणदिन वेगळे करता येत नाहीत. या दिवसाला हे वजन लोकांनी वर्षानुवर्षं पाळून आलेलं आहे. फेब्रुवारीत चित्र पुढे पाठवून मोकळे झालेले किती जण मार्चमध्ये पुन्हा आठवण काढतात, हे आपापल्या ग्रुपवर तपासून बघा.

आपल्याला तर जास्तच लागायला हवं. राजगुरू खेडचे. भीमेच्या काठचं हे गाव आज त्यांच्याच नावाने राजगुरुनगर म्हणून ओळखलं जातं आणि तिथला त्यांचा वाडा स्मारक म्हणून जपलेला आहे. जन्म २४ ऑगस्ट १९०८, साँडर्सवर पहिली गोळी त्यांची, अटक पुण्यात ३० सप्टेंबर १९२९ ला, फाशी गेले तेव्हा वय २२. या तारखांचा मेसेज मराठी ग्रुपवर क्वचितच फिरतो.

मग १४ फेब्रुवारी १९३१ ला काहीच झालं नाही का? झालं. त्या दिवशी पंडित मदनमोहन मालवीय यांनी व्हाइसरॉयकडे दयेचा अर्ज केला, फाशीऐवजी जन्मठेप द्यावी म्हणून. बहुधा याच धाग्यावरून पुढचा सगळा घोळ झाला असावा. पण तो अर्ज मालवीयांचा, भगतसिंगांचा नव्हे. भगतसिंगांच्या वडिलांनी, किशनसिंगांनी, १९३० च्या सप्टेंबरमध्ये न्यायाधिकरणाकडे बचावासाठी विनंती केली होती, तर त्याबद्दल मुलाने ४ ऑक्टोबरला त्यांना जळजळीत पत्र लिहिलं होतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला गद्दारच म्हटलं असतं, अशा अर्थाचं. दयेऐवजी गोळ्या मागणाऱ्या माणसाच्या नावाने आपण दरवर्षी नेमका दयेच्या अर्जाचा दिवस पाळायला सांगतो आहोत.

१४ फेब्रुवारीच्या दिनविशेषात लिहायला आणखीही आहे. २०१९ साली पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यातले दोन आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. ही तारीख मात्र पक्की आहे. फळ्यावर ती लिहा, आणि भगतसिंग-राजगुरू-सुखदेव यांच्यासाठी २३ मार्चची जागा राखून ठेवा.