फूल, दोन पानं आणि ब्रिटनचं फेरसार्वमत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, करारावर ब्रिटननं 2019 मध्ये लोकांना पुन्हा विचारायला हवं होतं, या माझ्या लेखावर फोंड्याहून तुमची सणसणीत प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गाभा सांगतो. ब्रिटनमध्ये बारा लाखांवर मतांचा फरक होता, तरी तुम्हाला फेरमतदान हवं; आमच्या गोव्यातल्या 1967 च्या जनमत कौलात फरक अवघा 34 हजारांचा, मग तो पुन्हा का नको? उजवा प्रसाद, म्हणजे देवाचा होकार, मिळेपर्यंत देवाला पाकळ्या लावून कौल मागत बसण्याचा हा प्रकार आहे, असंही तुम्ही लिहिलंत.

आधी आकडे. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात 3,88,432 पैकी 3,17,633 मतदारांनी मत दिलं. दोन पानांना, म्हणजे संघप्रदेश राहण्याला, 1,72,191. फुलाला, म्हणजे महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला, 1,38,170. वैध मतांत फरक जवळपास 11 टक्क्यांचा. ब्रिटनमध्ये 23 जून 2016 ला बाहेर पडण्याच्या बाजूनं 1,74,10,742 आणि राहण्याच्या बाजूनं 1,61,41,241 मतं पडली, फरक 3.8 टक्के. लाखांशी हजारांची तुलना करून चालत नाही, एवढंच दाखवायचं होतं. यापुढे मी हा आकडा माझ्या बाजूनं वापरणार नाही, कारण निसटता फरक हे फेरमतदानाचं कारण होऊच शकत नाही. उंबरठा ठेवायचा असेल तर तो मतदानाआधी कायद्यात ठेवायचा. ब्रिटनमध्ये 40 लाखांवर सह्या झालेला एक ऑनलाइन अर्ज होता: विजयी बाजूला 60 टक्क्यांहून कमी मतं आणि मतदान 75 टक्क्यांहून कमी असेल तर पुन्हा मतदान घ्या. गंमत म्हणजे तो मतदानाच्या आधी टाकला होता बाहेर पडण्याच्या एका समर्थकानं, आपली बाजू हरणार या धास्तीनं. सह्या केल्या त्या निकालानंतर, दुसऱ्या बाजूनं. तुमचा राग अशांवर असेल तर मी तुमच्या बरोबर आहे.

पुन्हा विचारायला माझ्या मते दोनच कारणं पुरतात. पहिलं, ज्यावर मत घेतलं ती वस्तूच बदलली. डेन्मार्कनं 2 जून 1992 ला युरोपीय संघ स्थापणारा मास्ट्रिख्ट करार 50.7 टक्क्यांनी नाकारला. मग एडिंबरातल्या युरोपीय नेत्यांच्या बैठकीत डेन्मार्कला चार बाबतींत सूट मिळाली, त्यात समान चलन आणि संरक्षणही आलं, आणि 18 मे 1993 ला 56.7 टक्के लोक 'हो' म्हणाले. आयर्लंडचं उदाहरण तुम्ही 'हो म्हणेपर्यंत विचारत राहिले' म्हणून दिलंत, ते जरा जवळून पाहू. युरोपीय संघाच्या विस्तारासाठीच्या नीस करारावर जून 2001 ला मतदान झालं ते जेमतेम 35 टक्के. 'नाही'ला 5,29,478 आणि 'हो'ला 4,53,461. पुढच्या सव्वा वर्षात युरोपविषयी राष्ट्रीय मंच भरवून चर्चा झाल्या, सेव्हिलच्या युरोपीय बैठकीत आयर्लंडच्या लष्करी तटस्थतेची घोषणा झाली आणि समान संरक्षणात सामील न होण्याची अट घटनादुरुस्तीच्या मजकुरातच घातली. ऑक्टोबर 2002 ला 'नाही'ची मतं 5,34,887, म्हणजे किंचित वाढलीच. 'हो'ची मात्र दुप्पट, 9,06,317. नकार देणाऱ्यांना कुणी वाकवलं नाही. आधी घरी बसलेले बाहेर पडले.

दुसरं कारण, प्रक्रियेतच खोट. स्वित्झर्लंडमध्ये फेब्रुवारी 2016 ला विवाहितांवरच्या कराच्या प्रस्तावावर मतदान झालं. दोघंही कमावणाऱ्या 80,000 जोडप्यांना जादा कर पडतो, असं सरकारनं मतदारांना सांगितलं होतं. खरा आकडा निघाला 4,54,000. प्रस्ताव 50.8 टक्क्यांनी पडला होता. एप्रिल 2019 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मतदानच रद्द केलं. ब्रिटनमध्येही 'व्होट लीव्ह' या बाहेर पडण्याच्या बाजूच्या अधिकृत प्रचारसंघटनेनं 70 लाख पौंडांची खर्चमर्यादा सुमारे साडेचार लाखांनी ओलांडल्याचं निवडणूक आयोगानं ठरवून 61,000 पौंड दंड केला. पण तेवढ्यावरून निकाल फिरला असता असं मला वाटत नाही, म्हणून ब्रिटनच्या बाबतीत मी पहिल्याच कारणावर उभा आहे. 2016 च्या मतपत्रिकेवर 'बाहेर पडा' एवढंच होतं. सीमाशुल्क संघात राहायचं का, उत्तर आयर्लंडच्या सीमेचं काय, हे पुढे वाटाघाटींत ठरलं. पाकळ्यांचं म्हणाल, तर डावा प्रसाद झाल्यावर तोच प्रश्न रेटत नाहीत. प्रश्न बदलून विचारतात.

आता अडचणी, कारण 'घ्या पुन्हा' म्हणणं सोपं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या कॉन्स्टिट्यूशन युनिटनं 2018 मध्ये हिशेब मांडला: किमान 22 आठवडे. नवा कायदा हवा. तो संसदेत असतानाच निवडणूक आयोग प्रश्नाची शब्दरचना लोकांवर तपासून पाहणार, त्याला साधारण 12 आठवडे. त्यानंतर कायद्यानं बांधलेला 10 आठवड्यांचा प्रचारकाळ; त्यातले सुरुवातीचे सहा दोन्ही बाजूंच्या अधिकृत संघटना ठरवण्यात जाऊ शकतात. ब्रिटन 29 मार्च 2019 ला बाहेर पडायचं होतं. त्यातून 22 आठवडे वजा करा, ऑक्टोबर 2018 चा शेवटचा आठवडा येतो. कराराचा मसुदा जाहीर झाला नोव्हेंबरात! म्हणजे मुदतवाढ आलीच, आणि तिला उरलेल्या 27 देशांची एकमुखी संमती लागते. एप्रिल 2019 ला फेरसार्वमताचा ठराव कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, 280 विरुद्ध 292 नं पडला, तेव्हा मुदत आधीच एकदा वाढवून घेतलेली होती.

त्याहून अवघड मतपत्रिका. करार, कराराविना बाहेर आणि राहणं असे तीन पर्याय ठेवले तर बाहेर पडणाऱ्यांची मतं फुटतात आणि 'राहा' 40 टक्क्यांतही जिंकू शकतं. पसंतीक्रम मागितला तर करार बहुतेकांचा दुसरा पर्याय असूनही पहिल्याच फेरीत बाद होऊ शकतो. मी 'करार की राहणं' असे दोनच ठेवले असते. पण मग कराराविना बाहेर पडू पाहणारे बहिष्कार घालतात, आणि बहिष्कारानं काय होतं ते उत्तर आयर्लंडमध्ये मार्च 1973 ला दिसलं: 98.9 टक्के ब्रिटनबरोबर राहण्याच्या बाजूनं, मतदान 58.7 टक्के, आयर्लंडशी एक होऊ पाहणारे राष्ट्रवादी कॅथलिक घरीच. त्या निकालानं वाद मिटला नाही. या अडचणीवर पक्का तोडगा माझ्याकडे नाही. पुढे 1998 च्या कायद्यानं तिथे एक बरी सोय केली: असं मतदान झालं की पुढचं सात वर्षं घेता येत नाही. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या मतदानासाठी असा नियम आधीच केला असता तर बरीच भांडणं वाचली असती.

आणि आपला कौल. तो संसदेच्या 1966 च्या खास कायद्यानं, एकदाच घेण्यासाठी होता. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या गोवा सरकारनं 3 डिसेंबर 1966 ला राजीनामा दिला. ब्रिटनमध्ये सरकारनं राहण्याच्या बाजूचं पत्रक 93 लाख पौंड खर्चून घरोघर धाडलं होतं. गोव्याच्या मतपत्रिकेवर एक उणीव होतीच: वेगळ्या राज्याचा पर्याय नव्हता. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांत घटकराज्य हवं असणारेही होते. ते 30 मे 1987 ला मिळालं, संसदेच्या कायद्यानं, दुसरा कौल न घेता. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या विलीनीकरणवाद्यांनी तेव्हा जे मागितलं होतं ते आज मतपत्रिकेवर आणायचं, तर आधी संसदेला नवा कायदा करावा लागेल, आणि घटनेच्या कलम 3 नुसार राज्याच्या सीमा बदलायला कौलाची गरजच नाही. विधानसभेचं मत मागवून संसदेनं कायदा केला की पुरतं. शिवाय हरलेल्यांना दुसरं मैदान लगेच मिळालं होतं. मार्च 1967 च्या निवडणुकीत, कौल हरून दोन-अडीच महिनेही झाले नव्हते, बांदोडकरांचा विलीनीकरणवादी मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष 16 जागा घेऊन सत्तेवर परतला.