टॅब एक असू दे, खातं एक नको

सध्या घराघरांतल्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय. घरात एकच टॅब घ्या, त्यात एकच जीमेल टाका, लॉक ठेवू नका. पैसे वाचतील, सगळे मिळून वापरतील आणि मुलं काय बघतात तेही कळेल. वर सवाल: घरच्या माणसांत लपवायचं काय?

घरात एकच टॅब घ्या, हे मला पूर्ण मान्य आहे. माणशी एक टॅब कशाला हवा? पण त्यापुढचं जवळजवळ सगळं चुकीचं आहे, आणि त्याची झळ घरात ज्यांचं कमी चालतं त्यांनाच आधी लागते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

एकच खातं सोपं पडतं म्हणतात. पहिले दोन दिवस पडतं. मग युट्युब उघडून बघा. आजीचं कीर्तन, नातवाच्या खेळण्यांचे व्हिडिओ आणि बाबांच्या शेअर बाजाराच्या गप्पा, सगळं एका ओळीत. आजीला तिचं कीर्तन शोधायला कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि हळूहळू ती टॅब हातात घेणंच सोडते. आमच्या घरी हे डोळ्यांसमोर झालं. वेगळी सोय करून दिल्यावर ती आता स्वतः माइकचं चिन्ह दाबून बोलते आणि हवं ते लावते.

पण खरी जोखीम जीमेलची. विमा, वीजबिल, शॉपिंग, असं कुठलंही खातं घ्या, 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की नवा पासवर्ड करायची लिंक बरेचदा मेलवरच येते. ज्याच्या हातात उघडा मेल, त्याच्या हातात बाकीच्या खात्यांचीही दारं. शिवाय क्रोममध्ये जपून ठेवलेले पासवर्ड असतात, आणि गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर त्या जीमेलवरच्या मोबाईलमधले फोटोही टॅबवर दिसतात.

'वेगवेगळं हवं तर वेगवेगळे टॅब घ्या,' हा दुसरा मुद्दा. हे सरळ खोटं आहे. अँड्रॉइड टॅबवर एकाहून जास्त वापरकर्ते करायची सोय 2012 पासून, म्हणजे 4.2 आवृत्तीपासून आहे. सेटिंग्जमध्ये 'सिस्टम'च्या आत, सॅमसंगवर 'अकाउंट्स अँड बॅकअप'च्या आत 'युजर्स' शोधा. प्रत्येकाचं स्वतःचं लॉक, स्वतःचं जीमेल, स्वतःची ॲप्स, स्वतःचे फोटो. तेच ॲप दोघांनी घेतलं तरी ते साठवलं एकदाच जातं, आतला डेटा तेवढा वेगळा राहतो. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' असतो. त्यातून बाहेर पडताना त्यांनी केलेलं सगळं पुसता येतं.

इथे बहुतेकांची एक गल्लत होते. आहे त्याच युजरमध्ये दुसरं जीमेल जोडणं म्हणजे वेगळा युजर करणं नव्हे. जोडलेल्या जीमेलवर कुणीही वरच्या गोल फोटोला बोट लावून जाऊ शकतं, पासवर्ड विचारला जात नाही. 'आम्ही वेगळी खाती केलीत' असं सांगणाऱ्या घरांत अनेकदा एवढंच केलेलं असतं.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. काही कंपन्या ही सोय काढून टाकतात, तेव्हा विकत घेण्याआधी दुकानातच सेटिंग्ज उघडून बघा. रॅम कमी असलेला टॅब युजर बदलताना रेंगाळतो. आणि आयपॅडवर घरगुती वापरासाठी ही सोय नाहीच. ॲपलने ती शाळा आणि कंपन्यांपुरती ठेवली आहे. तिथे मुलांसाठी 'स्क्रीन टाइम' आणि एकाच ॲपमध्ये अडकवून ठेवणारा 'गाइडेड ॲक्सेस' एवढ्यावर भागवावं लागतं. अशा घरात मेल आणि बँक टॅबवर नकोच.

आता तो सवाल. घरात लपवायचं काय? मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. पाळी लांबली म्हणून काही शोधणारी पंधरा वर्षांची मुलगी काय लपवत असते? डॉक्टरांनी दिलेला रिपोर्ट सासू-सासऱ्यांच्या आधी स्वतः नीट वाचावा असं वाटणारी सून? मुलांना इतक्यात सांगायचं नाही म्हणून आपल्या आजाराबद्दल एकटेच वाचणारे आजोबा? आणि ज्या घरात बाईला त्रास आहे तिथे तिने 181 ही महिला हेल्पलाइन शोधली, तर ते पुढच्या माणसाला सर्चच्या यादीत वरच दिसणार. खासगी म्हणजे पाप नव्हे. घरात वेगळी खोली मिळणं अवघड, निदान चार आकडी पिन तरी प्रत्येकाची असू द्या.

मुलं नजरेखाली राहतात, हे तर उलटंच आहे. सगळ्यांची हिस्ट्री एकत्र झाली की अमुक व्हिडिओ मुलाने बघितला की काकाने, हे कसं कळणार? शिवाय बाबांच्या खात्यातून बघणारं मूल युट्युबच्या लेखी प्रौढ माणूस असतं, आणि त्याला प्रौढांचंच पुढे वाढलं जातं. लक्ष ठेवायचं असेल तर मुलाचं खातं त्याच्या खऱ्या वयाचं करा आणि गूगलच्या 'फॅमिली लिंक' या ॲपने आपल्या मोबाईलला जोडा. वेळेची मर्यादा, नव्या ॲपला परवानगी, सगळं तिथून होतं. लहानांसाठी युट्युब किड्स भारतात 2016 पासून आहे. आणि मूल बघताना शेजारी बसणं कुठल्याही सेटिंगने भरून निघत नाही.

ओटीपी मोबाईलवर येतो, मग पैशांची भीती कसली, असंही म्हणतात. यूपीआयपुरतं यात तथ्य आहे. ते बँकेत नोंदवलेल्या सिमशी बांधलेलं असतं, त्यामुळे नुसत्या वायफायच्या टॅबवर सहसा चालत नाही. पण शॉपिंग ॲपवर कॅश ऑन डिलिव्हरीला ओटीपी लागेलच असं नाही. पत्ता आधीच भरलेला असतो, मूल दोन बटणं दाबतं आणि कुरिअरवाला दारात उभा राहतो. प्ले स्टोअरवर खरेदीआधी पासवर्ड मागायची सेटिंग आहे, ती चालू करा. बँकेचं सिमच टॅबमध्ये असेल तर ओटीपीही तिथेच येणार, मग लॉक नसलेला टॅब आणि उघडं पाकीट यांत फरक काय?

शेवटचा मुद्दा त्या सल्ल्यात नाही, पण घरोघरी हेच चालतं. भाचा येतो, स्वतःचं जीमेल टाकून टॅब चालू करून देतो आणि पुण्याला निघून जातो. पुढे कधी लॉक विसरलं म्हणून कुणी बाहेरून बटणं दाबून रिसेट मारला, की टॅब आधीच्याच खात्याचा पासवर्ड मागतो. अँड्रॉइड 5.1 पासून चोरी रोखायला ही सोय आहे. भाच्याला तो पासवर्ड आठवत नसेल तर टॅब अडकून पडतो. शिवाय मुख्य युजर, म्हणजे ज्याच्या खात्याने टॅब पहिल्यांदा चालू केला तो, बाकीच्यांचे युजर त्यांच्या डेटासकट काढून टाकू शकतो. तेव्हा पहिलं खातं रोज घरात असणाऱ्या मोठ्या माणसाचं टाका, आणि त्याचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा.