अंगणं बुजवा आणि पुराला शिव्या द्या

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, कोणाला लागलं तर लागू दे.

आज राजापुरातल्या आमच्या आळीतलं अजून एक अंगण गेलं. खाली कोबा, वर पेव्हर ब्लॉक, आणि छपराचं सगळं पाणी पाइपाने थेट गटारात. म्हटलं अहो, पाणी मुरणार कुठे? तर म्हणे "मग गटार कशाला आहे?" गटार कशाला! ते उतरतं कोदवली नदीत, कोदवली जाते अर्जुना नदीत, आणि जुलैत जवाहर चौकात पाणी शिरलं की हेच गृहस्थ स्टेटस ठेवणार, राजापूर पाण्यात, प्रशासन झोपेत.

आमचे अण्णा दर मे महिन्यात पागोळ्यांखाली हातभर खोल चर खणायचे, त्यात जांभ्याच्या कपच्या, आणि चर जायची माडाच्या आळ्यात. आम्हा पोरांना घमेली उचलायला लावायचे, इतका राग यायचा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे हजार स्क्वेअर फुटांच्या छपरावर पावणेतीन लाख लिटर तरी. एका घराचं! आळीत घरं किती ते मोजा तुम्हीच.

बरं, नदीतला गाळ काढला, चांगलं केलं, फरक पडतो, नाही कुठे म्हणतेय. पण वर सडे, म्हणजे डोंगरावरची कातळाची सपाटी, जेसीबीने सोलून प्लॉट पाडताय, पऱ्यांवर, म्हणजे ओढ्यांवर, स्लॅब टाकताय, मग मातीचं लाल पाणी परत येणारच ना? ज्या बंदरात गलबतं लागायची, जिथली इंग्रजांची वखार महाराजांनी १६६१ मध्ये लुटली, ते बंदर गाळानेच गेलं ना रे बाबांनो.

हो, ऐन आषाढात जमीन तुडुंब झाली की अण्णांची चरपण भरून वाहायची, मान्य. पण पहिल्या सरींची माती, प्लॅस्टिक, गाड्यांचं ऑइल तरी नदीत जात नव्हतं.

आणि शेजाऱ्यांचंही कळतं मला, त्यांच्या आई थकल्यात, शेवाळावरून पाय घसरला तर काय घ्या. मग दारापुढची वाट करा की पक्की! बाकीचं अंगण मोकळं ठेवा, पागोळ्यांखाली एक चर खणा, पाइप शोषखड्ड्यात सोडा. डोंगरउतारावर घर असेल तर मात्र जाणकाराला विचारूनच, नाहीतर दरड यायची.

आणि खाली "हे नगरपरिषदेचं काम" असं लिहायला येऊ नका. नगरपरिषद उद्या तुमच्या अंगणात फावडं घेऊन आली तर सगळ्यात आधी तुम्हीच भांडाल.