वर्डप्रेसचा ब्लॉक ‘एका ओळीत’: फिरणाऱ्या दाव्याचा प्रतिवाद

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘वेबसाइटसाठी हवा तो ब्लॉक एआयला एका ओळीत सांगा. दोन मिनिटांत तयार. कोड कळायची गरज नाही, तपासायची गरज नाही, नको झाला तर काढून टाका.’ वर्डप्रेस ही वेबसाइट चालवण्याची प्रणाली, आणि ब्लॉक म्हणजे तिच्यात पान रचायचा एकेक तुकडा: परिच्छेद, चित्र, अनुक्रमणिका. मराठी मासिकांच्या आणि संस्थांच्या साइट्स सांभाळताना मीही एआयकडून ब्लॉक करून घेते. म्हणूनच हा मजकूर असाच पुढे जाऊ नये असं वाटतं.

‘दोन मिनिटांत तयार.’ हे मान्य. ऑटोमॅटिक या कंपनीने २०२५ मध्ये आणलेलं टेलेक्स हे एआय साधन हेच करतं: वर्णन लिहा, ब्लॉक पाहा, झिप फाइल उतरवून साइटवर बसवा. फक्त मागण्याआधी वर्डप्रेसमध्ये काय आहे ते बघावं. टिचकी मारल्यावर उलगडणारा मजकूर अनेकजण बनवून घेतात. तो ब्लॉक ६.३ आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२३ पासून, आयताच मिळतो.

‘कोड कळायची गरज नाही.’ शेतीविषयक लेखांसाठी मी अनुक्रमणिकेचा ब्लॉक मागितला. इंग्रजी नमुन्यावर तो सुरेख चालला. मराठी लेखात मात्र कोणत्याही शीर्षकावर टिचकी मारली तरी पान पहिल्याच शीर्षकावर जायचं. कोडमधली एक ओळ शीर्षकातली इंग्रजी अक्षरं आणि अंक ठेवून बाकी सगळ्याच्या जागी आडवी रेघ टाकत होती. ‘पेरणी’, ‘खत’, ‘काढणी’ या तिन्ही शीर्षकांची, टिचकीनंतर कुठे जायचं ते सांगणारी खूण म्हणून नुसती एकेक रेघ उरली, म्हणजे तिन्ही खुणा सारख्याच. ती ओळ वाचता आली नसती, तर दोष कुठे आहे हे एआयला सांगायचं तरी कसं? मोजून अक्षरं कापणाऱ्या सारांशाचंही तसंच: ‘विद्यार्थी’चा ‘विद्’ होऊन वाक्य लटकतं. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते. देवनागरी वाचणाऱ्या माणसाला हे एका नजरेत दिसतं, पण त्यासाठी त्याने मराठी मजकूर टाकून पाहायला हवा.

‘नको झाला तर काढून टाका.’ सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. ब्लॉक लेखात मुरतो. काही ब्लॉक आपलं एचटीएमएल, म्हणजे पानाची रचना सांगणारा कोड, लेखाबरोबरच डेटाबेसमध्ये साठवतात. प्लगइन, म्हणजे ब्लॉक साइटवर आणणारी जोड, काढलं तर मजकूर उरतो, मांडणी जाते. काही ब्लॉक पान उघडताना सर्व्हरवर घडतात. लेखात त्यांची फक्त खूण असते. प्लगइन गेलं की वाचकासमोर ती जागा रिकामी.

ब्लॉकमध्ये दुरुस्ती करणं तर आणखी नाजूक. पहिल्या प्रकारचा ब्लॉक एडिटरमध्ये उघडला की वर्डप्रेस त्याचं एचटीएमएल नव्याने तयार करून साठवलेल्याशी ताडून बघतं. आपण एआयला ‘चौकटीला एक वेष्टन घाल’ म्हणतो, तो घालतो, आणि जुना लेख उघडणाऱ्या संपादकाला ‘अवैध मजकूर’ असा इशारा दिसतो. वाचकाचं पान जसंच्या तसं असतं, त्यामुळे हे महिनोन्‌महिने कळतही नाही. उपाय ठरलेला आहे: ब्लॉकची जुनी रूपं कोडमध्ये नोंदवून ठेवायची. मला मात्र तो प्रत्येक वेळी मुद्दाम मागावा लागला.

‘तपासायची गरज नाही.’ सर्व्हरवर घडणारा ब्लॉक लिहिणाऱ्याने भरलेला मजकूर त्यात लपलेला कोड निष्प्रभ न करताच पानावर टाकत असेल, तर पाहुण्या लेखकाच्या खात्यातूनही साइटमध्ये घातक स्क्रिप्ट, म्हणजे पानावर आपोआप चालणारा कोड, घुसू शकते. ते दोन मिनिटांच्या प्रात्यक्षिकात दिसत नाही.

माझ्याकडे आता जोडाक्षरांनी भरलेला एक चाचणी-लेख कायम तयार असतो. नवा ब्लॉक त्यात बसवते, लेख साठवते, एआयकडून ब्लॉकमध्ये एक बदल करून घेते आणि तोच लेख पुन्हा उघडते. इशारा आला, तर ब्लॉक खऱ्या साइटवर जात नाही.