पावसात मॅच गेली म्हणजे रन वाहून जात नाहीत

गेले काही दिवस तो मेसेज सगळीकडे फिरतोय, "90% क्रिकेटप्रेमींना माहीत नसलेला आयसीसीचा नियम". काल भाच्याने तोच पाठवला आणि खाली लिहिलं, मामा हे खरंय ना, आमच्या क्लबच्या स्कोअररने पण असंच केलं. हे वाचून डोकंच फिरलं म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या मेसेजच्या नादी कोण लागतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सामना अर्धवट राहिला की त्यातले रन आणि विकेट रद्द होतात, 20 ओव्हर झाल्याशिवाय सामना मोजतच नाहीत, खेळ थांबला तेव्हा क्रीजवर असलेले दोघे आउट धरतात, अर्धवट ओव्हर बॉलरच्या खात्यात जात नाही, आणि बॅटिंग बॉलिंग न मिळालेल्याला सामना मिळत नाही. नियमाचा नंबर अर्थातच कुठे नाही.

पहिला मुद्दा. 2 सप्टेंबर 2023, पल्लेकेले, आशिया कप, भारत पाकिस्तान. आपण 266 ला ऑल आउट, इशान किशन 82, हार्दिक 87, पाकिस्तानच्या शाहीनला 35 रन देऊन 4 विकेट (म्हणजे 4/35), दहाच्या दहा विकेट फास्ट बॉलर्सच्या. मग जो पाऊस आला त्यात पाकिस्तानची बॅटिंग झालीच नाही, नो रिझल्ट, एकेक पॉइंट वाटून. आता इशानच्या किंवा शाहीनच्या वनडे करिअरची मॅचवार यादी कुठल्याही स्कोअरच्या साइटवर उघडा, 82 पण आहेत आणि 4/35 पण आहे. निकाल टीमचा लागत नाही, बॅटमधून निघालेले रन निघालेलेच असतात. एवढ्यावर खरं तर मेसेज संपला, पण लोक तेवढ्यावर ऐकत नाहीत.

20 ओव्हरची भानगड कुठून आली ते सांगतो. वनडेत निकाल लावायला दुसऱ्या टीमला निदान 20 ओव्हर मिळाव्या लागतात, टी20त साधारण 5. हा नियम निकालाचा आहे, आकडेवारीचा नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हीची खिचडी केलीय. 2009 ला अँटिग्वात वेस्ट इंडीज इंग्लंड टेस्ट 10 बॉलवर बंद पडली, आउटफिल्डवर नुसती वाळू, बॉलरला धड पळता येईना. स्कोअर बिनबाद 7. ती टेस्ट म्हणून मोजली जाते, आणि इंग्लंडच्या स्ट्रॉसचे 6 आणि कुकचा 1 त्यांच्या करिअरच्या रनांमध्ये आहेत.

आता तो क्रीजवरच्यांना आउट धरायचा मुद्दा, हा सगळ्यात भंपक आणि नुकसान करणारा पण हाच. आउट व्हायला बोल्ड, कॅच, एलबीडब्ल्यू, रनआउट असं काहीतरी व्हावं लागतं, पाऊस हा आउट व्हायचा प्रकार कधीपासून झाला? 1996 ची वर्ल्डकपची, ईडन गार्डन्सवरची श्रीलंकेविरुद्धची सेमीफायनल आठवा (आठवायची इच्छा नसेल तरी). 252 चं टार्गेट, आपण 8 बाद 120, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ झाली, मॅच रेफरी क्लाइव्ह लॉइडने सामना श्रीलंकेला देऊन टाकला. सामना बहाल झाला तरीही स्कोअरकार्डवर कांबळी 10 नाबाद आणि कुंबळे 0 नाबादच आहे. कांबळी रडत बाहेर आला ते सगळ्यांनी पाहिलंय, पण आउट होऊन नव्हता आला.

भाच्याचा हिशोब बघा. आधीच्या तीन इनिंगमध्ये 79 रन, तिन्ही वेळा आउट. चौथ्यात 41 वर खेळत होता आणि पाऊस आला. म्हणजे एकूण 120, आउट तीनदा, ॲव्हरेज (रन भागिले आउट) 40. स्कोअररसाहेबांनी मेसेज वाचून वहीत 41 पुढे आउट लिहिलं, कोणी काढला ती जागा कोरी, कारण काढला कोणीच नाही! ॲव्हरेज 30. निवडीच्या वेळी कोणी वही उघडली तर हाच 30 दिसणार, आणि पोराला सांगतायत की आयसीसीचा नियम आहे.

अर्धवट ओव्हर पण मोजतात. 29 जानेवारी 1998, जमैकाचं सबिना पार्क, वेस्ट इंडीज इंग्लंड, पिच इतकं बेभरवशाचं की टेस्ट 10.1 ओव्हरवर (दहा ओव्हर आणि एक बॉल) थांबवली, इंग्लंड 3 बाद 17. वेस्ट इंडीजच्या वॉल्शच्या नावावर 5.1 ओव्हर आणि 2 विकेट, त्याच्या टेस्टमधल्या 519 विकेटमध्ये त्या दोन धरलेल्या आहेत.

शेवटचा मुद्दा चूक आहे पण त्याच्या आसपास थोडं खरं आहे, ते मान्य करायला लागतंय. आयसीसीच्या हिशोबात आता टॉस झाला की सामना झाला, अकराच्या अकरा जणांच्या नावावर एक मॅच लागते, बॅटला हात लागो न लागो. टॉसच झाला नाही तर काही नाही. 2019 वर्ल्डकपची नॉटिंगहॅमची भारत न्यूझीलंड मॅच अशीच गेली, टीमना पॉइंट मिळाला, खेळाडूंच्या मॅचचा आकडा होता तिथेच. जुन्या काळी टॉस होऊनही मोजत नसत, 1970-71 ची ऑस्ट्रेलिया इंग्लंड मेलबर्न टेस्ट टॉसनंतर एकही बॉल न पडता गेली, ती टेस्टच्या यादीत नाही. तिच्या बदल्यात 5 जानेवारी 1971 ला जे एका दिवसाचं खेळले ती पहिली वनडे.

आणि रन खरंच गेल्याचं एक उदाहरण आहे, ते मेसेजवाल्याला सापडलं नाही हे नशीब. आयपीएल 2025, धरमशाला, पंजाब दिल्ली. 10.1 ओव्हरमध्ये 1 बाद 122, प्रियांश आर्य 70, प्रभसिमरन 50 नाबाद, आणि सामना सोडून स्टेडियम रिकामं केलं. पुढे तो सामना जयपूरला पहिल्या बॉलपासून परत खेळवला, म्हणून आधीचा रद्द. पडताळा सोपा आहे: पंजाबचा कॅप्टन श्रेयस अय्यरच्या त्या सीझनच्या मॅच 17, लीगच्या 14 आणि प्लेऑफच्या 3. धरमशाला धरली असती तर 18 झाल्या असत्या. पण त्याच सीझनमध्ये ईडनला कोलकात्याविरुद्ध पंजाबने 201 केले, पावसाने नो रिझल्ट, परत खेळवला नाही, तर प्रभसिमरनचे 83 आणि प्रियांशचे 69 जसेच्या तसे धरले. म्हणजे रन जातात ते सामना नव्याने खेळवला म्हणून, अर्धवट राहिला म्हणून नाही. आणि क्लबची ती मॅच परत खेळवणार नाहीयेत, मी विचारलंय.