पाच कुलपं आणि एक कुंडी

रिंगरोडात जमीन गेली, मोबदला आला, बंगला उभा राहिला, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवून आता पिस्तुलाचा परवानाही हातात पडला. अभिनंदन! राहिला प्रश्न हे सगळं सांभाळायचं कसं एवढाच. जाणकार म्हणतात, घराला संरक्षणाचे एकाआड एक पदर हवेत. एक फाटला तरी दुसरा शिल्लक राहतो. बरोबरच आहे. तुम्ही पदर भरपूर घ्या. ते एकाच दोऱ्याने शिवा म्हणजे झालं.

सुरुवात कुंपणापासून. भिंत आठ फूट बांधा, वर काचा खोचा, आणि रंगाऱ्याने विसरलेली शिडी मागच्या बाजूला तशीच उभी राहू द्या. गावाला जाताना फाटकाला बाहेरून नारळाएवढं कुलूप लटकवा. आतल्या आत बसणारं लॅच लावलं तर घरात कोणी आहे की नाही हे रस्त्यावरून कळत नाही, येणाऱ्याची उगाच गैरसोय होते. पेपरवाल्याला बंद ठेवायला सांगू नका. चार दिवसांचे पेपर पायरीवर साचले की कुलपाला दुजोरा मिळतो. तरी कोणाला शंका उरलीच तर तुमचं स्टेटस आहेच: ‘मनाली, डे टू, फॅमिली टाइम’.

दार सागवानी हवं, चांगलं दोन इंच जाड. कडी-कोयंडा मात्र अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर भागतो. ‘कडी-कोयंडा उचकटून’ हे बातमीतले शब्द इतक्या वर्षांत बदललेले नाहीत, ती परंपरा आपण का मोडायची? शेजाऱ्यांचा भरवसा धरा. चोर आधी त्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून मग तुमच्याकडे वळतात, हे त्यांनाही सकाळीच कळतं. कॅमेरे आठ लावा आणि त्यांचं चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, टीव्हीखालच्या शोकेसमध्ये, दिवे लुकलुकताना पाहुण्यांना दिसतील असा ठेवा. जाताना चोर तोच काखोटीला मारतो, त्यामुळे नंतर पोलिसांना कोणाचं तोंड बघावं लागत नाही.

आता मुख्य मुद्दा, किल्ल्या. इथे आपल्या घरांनी जी बुद्धी चालवली आहे तिला तोड नाही. पिस्तूल छोट्या तिजोरीत. तिजोरीची किल्ली लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये. लॉकरची किल्ली त्याच कपाटात, पैठणीच्या घडीखाली. कपाटाची किल्ली फ्रिजवरच्या बिस्किटांच्या डब्यात. स्वयंपाकघराच्या कुलपाची किल्ली मागच्या दाराशी खिळ्याला, आणि मागच्या दाराची तुळशीमागच्या कुंडीखाली. कुलपं झाली पाच. कुंडी उचलली की पाचही उघडतात. कुंडी कामवाल्या मावशींना माहीत आहे, इस्त्रीवाल्याला माहीत आहे, सुनेच्या माहेरी सगळ्यांना माहीत आहे. धाकट्या नातवाला कुंडी माहीत नाही. त्याला बिस्किटांचा डबा तेवढा माहीत आहे. पण तो काय, सहावीत आहे!

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्याच्या अर्जासोबतच शस्त्र सुरक्षित ठेवण्याबद्दल लिहून द्यावं लागतं. दिलंय की लिहून. आता वर ठेवायचंही? पिस्तूल रिकामं, काडतुसं दुसरीकडे वेगळ्या कुलपात, ट्रिगरला लॉक, पेटी भिंतीत बोल्टने आवळलेली आणि किल्ली फक्त परवानाधारकाकडे, ही सगळी भित्र्यांची कामं. तुम्ही ते भरून उशीखाली घ्या, किंवा गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. रात्री चोर आला तर त्याला ‘थांब, राऊंड भरतो’ म्हणायचं का? (चोर येतो तेव्हा तुम्ही एकतर घोरत असता नाहीतर मनालीत असता, आणि हत्यार तुमच्याआधी त्याच्या हाताला लागतं. पण असल्या तपशिलात कोण शिरतंय!) कोकणातला शेतकरी रानडुकरांसाठी ठेवलेली ठासणीची बंदूक खुंटीला टांगतो, पण तो मागासच राहिला: बार ठासेपर्यंत त्याला विचार करायला वेळ मिळतो.

भरलेल्या हत्याराला चोरही लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईत कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी त्यांच्याच पायात शिरली. नशीब, बरे झाले. पण तुमचं लक्ष कसं नेहमी ठिकाणावर असतं, तुम्हाला काय होतंय!

शिवाय हत्यार दिसलं पाहिजे. कमरेला, शर्टाच्या वर. खंडेनवमीला हळदकुंकू वाहून पाटावर मांडा आणि जवळून, अगदी नळीवरची अक्षरं वाचता येतील असं रील काढा, म्हणजे पंचक्रोशीत कोणाकडे काय आहे हे गरजूंना कळतं. पुतण्याच्या वरातीत हवेत बार काढा. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अशा हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय, पण गोळी खाली येते ती दुसऱ्याच्या मांडवात. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं केलं. दोन कमरा कोणाला असतात, हा विचार कायद्याने केला असावा.

आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो: शस्त्र जमा करा. तुम्हाला अपमान वाटतो. खरं म्हणजे तेवढे दिवसच ते कुलपात असतं.

इतकं करूनही ते चोरीला गेलंच, तर ताबडतोब ठाण्यात कळवावं लागतं. ठाणे अंमलदार विचारतील, कुठे होतं? ‘तिजोरीत’ म्हणा. फोडली का तिजोरी? ‘नाही साहेब, किल्लीने उघडली.’ किल्ली कुठे होती? इथे जरा खोकला काढा. राऊंड किती? ‘असतील आठ-दहा.’ पिस्तुलाचा नंबर? तो परवान्याच्या पुस्तकात आहे, आणि पुस्तक पिस्तुलाखालीच ठेवलं होतं, तेही गेलं. गडबडून जाऊ नका. खंडेनवमीचं रील उघडा आणि साहेबांपुढे धरा. झूम केलं की नंबर स्पष्ट दिसतो.